चष्मेवाल्या काकांची गाडी

अरे,
मी निघाले, तुला उठवलं नाही. आज गॅस पेटवलाच नाही, सगळे डबे मुलांनी भरलेत. काकडीच्या जाड तुकड्याला काड्यांनी टोचलेली गाजराची चार चाकं, वर चीजचं छत, आत मनुक्यांची माणसं. थोरल्याच्या गाडीचं एक चाक निखळतंय, पण हसू नकोस, सकाळपासून नाकावर राग आहे. खाण्याआधी काड्या काढायच्या, हे दोघांना पुन्हा बजाव.

तुझ्या डब्यात रोजच्यासारख्या दोन गाड्या आहेत. एक तुझी, एक तुझ्या ऑफिसातल्या चष्मेवाल्या काकांची. ती ठेवल्याशिवाय धाकटी झाकण लावू देत नाही.

काल ते काका भाजीच्या दुकानात भेटले. म्हणाले, "वहिनी, त्याला कामावरून कमी केलं आणि महिना झाला, माझी गाडी यायची थांबली हो." मी नुसती मान डोलावली, जसं काही मला ठाऊकच होतं.

मुलांना काही बोललेले नाही. नेहमीच्या वेळेला डबा घेऊन नीघ, पण दिवसभर कुठे बागेत-बिगेत बसून राहू नकोस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीये. एक वाजता घरी ये.

काकांची गाडी मी खाईन.