बिनडेटाचा फोन

१९ जून, गुरुवार, सकाळ

ठमाबाई,

रागावलेल्या माणसाला आशीर्वाद चालतात की नाही, ठाऊक नाही. तरी पाठवतोय, ठेवून घे. आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा हल्ली कमी कुरकुरतो. मी एका दवाखान्याची पाटी रंगवतोय. डॉक्टरांना सगळ्या पदव्या एकाच ओळीत हव्या आहेत आणि भिंत काही वाढत नाही. तुझी पाठ कशी आहे?

तीन आठवड्यांपूर्वी तुझा मेसेज आला, "फोन घेऊन दिला तो काय पेपरवेट म्हणून?" आणि त्यानंतर तू जी गप्प झालीस ती झालीसच. मला हसू आलं हे कबूल करतो, कारण मेसेज वाजला तेव्हा फोन खरोखरच कागदांवर ठेवलेला होता, पंख्याने उडू नयेत म्हणून.

तर आता ऐक. डेटा नसला म्हणून फोन मरत नाही. भिंतीला हात लावायच्या आधी मी तिचा फोटो काढतो आणि त्यावर बोटाने अक्षरांच्या जागा आखून बघतो. मापं टिपतो. माळ्यावर चढताना त्याचीच विजेरी. आईच्या गोळ्यांचे चार गजर लावलेत. तिची जुनी गाणी नर्सबाईंनी, म्हणजे आमच्या खाली राहतात त्यांनी, एकदाच भरून दिली, ती आई दुपारी ऐकते. फोन येतो, फोन लागतो. रस्ता चुकलो तर विचारायला तोंड आहे.

पैशासाठी करतोय असं मनातही आणू नकोस. रिचार्ज तूच करायचीस. मी तो माझ्याकडे घेतला आणि फक्त कॉलचा ठेवला. नर्सबाई तर आपल्या वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या होत्या. मी त्यांना चहा पाजला आणि चिठ्ठी परत दिली. जाताना म्हणाल्या, "दादा, तुम्ही भारीच हेकट हो!" आहे मी हेकट.

इथवर लिहून मघाशी थांबलो होतो. पाकिटात घालून टाकावं, असंही वाटलं. पण हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि तिच्याभोवती फेऱ्या मारतोय.

आईला माणसं ओळखू येत नाहीत, ठमे. सगळी नाही, आणि रोजच असं नाही. मला ओळखते, कधी मामा समजते. मागच्या वर्षी तू केस कापलेस, चष्मा लावलास आणि व्हिडिओवर आलीस. दहा मिनिटं ती छान बोलली. फोन ठेवल्यावर मला विचारलं, "बाई चांगली होती. कोण रे?"

त्याच संध्याकाळी मी तुला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ब्रश घेतला.

पुठ्ठ्यावर पांढरा रंग, त्यावर लाल अक्षरं, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी: "ठमी. धाकटी लेक." फोन टेबलावर उभा करायचो आणि त्याच्या मागे पाटी धरून उभा राहायचो. आईला वाचता अजून उत्तम येतं. मग पाट्या वाढत गेल्या. "जेवलीस का?" "पाठ कशी आहे?" "छान झालं, असंच काम कर." शेवटी शेवटी सतरा पाट्या झाल्या होत्या. तू म्हणायचीस, "दादा, आई किती टवटवीत दिसते रे!" आणि मी फुशारून जायचो, जशी काही माझीच कारागिरी. होतीच ती माझी.

आई मजेत आहे म्हणून तू दोनदा येणं पुढे ढकललंस. ते माझ्यामुळे. तुझा त्यात काडीचा दोष नाही.

आता त्या रविवारचं. तू हळूच म्हणालीस, "आई, माझी नोकरी गेली." माझ्या हातातली पुढची पाटी आधीच वर गेली होती. मी ती खाली घेईपर्यंत आईने हसून वाचलंसुद्धा, "छान झालं, असंच काम कर." तुझा चेहरा मला दिसत नव्हता, कारण मी फोनच्या मागे होतो. तू "बरं, ठेवते" म्हणालीस तेवढं ऐकू आलं. आईने तुला टोमणा मारला नाही गं. तिला तू बोललेलं कळलंच नव्हतं. ते वाक्य माझं होतं, माझ्या हाताने रंगवलेलं. आयुष्यभर पाट्या रंगवल्या, पण इतकी वाईट चूक कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पाट्या फाडल्या आणि डेटा बंद केला. डेटा असता तर तू पुन्हा व्हिडिओ लावला असतास, आणि आई तुझ्याकडे परक्यासारखी बघत बसली असती. मग मी पुन्हा पुठ्ठा शोधला असता. मी स्वतःला ओळखतो.

पेपरवेटच्या मेसेजच्या आधी तू चिडून साधा फोन केलास, आठवतं? मी तो स्पीकरवर ठेवला होता. आई शेजारी मटार सोलत होती. तू मला फडाफडा बोललीस आणि कट केलास. त्यानंतरचं तू ऐकलं नाहीस. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "ठमीचा आवाज बसलाय. ही रडलेली आहे. काय झालं तिला?"

समोर ना पाटी होती, ना कोणी काही सुचवलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तिने तुझ्याबद्दल स्वतःहून विचारलं. मी खाली जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. लपवत नाही.

आईच्या डॉक्टरांना विचारलं, आवाजाची ओळख राहील का? ते म्हणाले, किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणून मी ठरवलंय आणि ते बदलणार नाही. डेटा घेणार नाही. रोज संध्याकाळी सहाला मी फोन आईच्या शेजारी ठेवून स्वयंपाकघरात जाईन. तू साधा फोन कर. नोकरी गेल्याचं तिला पुन्हा सांग. ती काय म्हणेल ते म्हणेल, मला माहीत नाही.

आणि ये. या महिन्यात ये. दारात तिने "कोण आपण?" म्हटलं तर तुझ्या काळजाला घरं पडतील, हे मी जाणतो. तरी ये. तू आत येऊन बोलायला लाग, मग बघू.

पत्राखाली आईची सही घ्यायचा विचार होता. मी पेन्सिलीने लिहून दिलं असतं तर तिने छान गिरवलं असतं. नाही घेतली. यापुढे तिच्या नावाने मी एक अक्षर लिहिणार नाही.

एकट्याच्याच सहीने,
तुझा दादा