नदी फुटण्याआधी केलेली वाटणी

मी, डीट्रिख न्यूडॉर्फ, वय एकवीस, राहणार सस्कॅचेवान नदीचा पूर्वकाठ, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. नावाडी मोइझ लतांद्र, ज्यांच्या खोपटात बसलोय, ते म्हणतात मी शुद्धीत नाही. ते त्यांचं मत.

प्रांत सरकारने इंग्रजी शाळेची सक्ती केली. दंडापोटी धुरीघरातून डुकराच्या मांड्यासुद्धा उचलून नेल्या. तेव्हा आम्हा जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी देशच सोडायचं ठरवलं. मार्चमध्ये सगळ्यांच्या घोडागाड्या गोठलेल्या नदीवरून पलीकडच्या स्टेशनाला गेल्या. मी रागाने इथेच बसलो. मेक्सिकोची आगगाडी उद्या सुटणार, आणि तीत आगाता बान्मान, जिच्याशी मला लग्न करायचंय. नाव काठावर ओढलेली. मी बर्फावरून चालत जाणार. पोचलो नाही तर:

एक. वडिलांमागे मला आलेली एकशेसाठ एकर जमीन आगाताची.

दोन. प्रांताचा नकाशा तिच्या बापाला, हरमानकाकांना. सीमा सगळ्या पट्टीने आखलेल्या, त्यांच्यासारख्याच ताठ, त्यांना आवडेल. शाळेत आपलाच मास्तर असला तर कुणाला जावं लागणार नाही, म्हणून मी मास्तरकी शिकायला गेलो. तर म्हणाले, "सरकारचा मास्तर! मांड्या खाऊन पोट भरलं नाही, आता माझी पोर हवी?" कॉलेज अर्ध्यात सोडलं. तर म्हणाले, "आधी बाप्तिस्मा, मग लग्न." आमच्यात बाप्तिस्मा मोठेपणी, तोही वर्षातून एकदाच, जूनमध्ये! त्यांना मी माफ करत नाही. हे कलम कोणी खोडू नये.

तीन. घोडी मोइझकाकांना द्यायची होती, पण साक्षीदाराला वारसा मिळत नाही, एवढं कॉलेजात कळलं. काका म्हणाले, "एप्रिलचा बर्फ आणि सरकारचा शब्द, पोरा, दोन्हींवर पाय टाकू नये. माझा बाप दुसऱ्यावर टाकून बसला, जमीन गेली." घोडीला कोणीतरी चारा घाला.

दुसरा साक्षीदार मिळाला नाही.

पुरवणी: बूट बांधत होतो, तोच काका ओरडले. आगाता बर्फावरून येत होती, कमरेपर्यंत भिजलेली. ती काठाला लागली आणि मागे नदीचा बर्फ कडाडून फुटला. तिची आई पलीकडेच राहिली.

तिने वरचं सगळं वाचलं. "दुसरी सही मी करते."

"मग जमीन तुला मिळणार नाही."

"मेल्यावर देणारा मोठा आला! दे ती लेखणी."

साक्षीदार: मोइझ लतांद्र
आगाता बान्मान (हात गारठल्याने सही वाकडी, सही तिचीच.)

लिहून देणार: डीट्रिख न्यूडॉर्फ
नदीचा पूर्वकाठ, ११ एप्रिल १९२४