मधल्या काळात हात लावू नये

३ मार्च
तिसरं खोकं जिन्याच्या वळणावर आलं आणि त्याचा तळ फाटला. पुस्तकं खालपर्यंत घरंगळत गेली. मुंगी एकेक उचलून मोजत होती. मुंगी माझी मुलगी, सात वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ. एकोणीस भरली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार किलकिलं करून विचारलं, की बिऱ्हाड येतंय का वाचनालय. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. आम्ही दोघीच, त्यामुळे जागा ऐसपैस वाटते.

४ मार्च
नवी कचेरी मुंगीच्या शाळेपासून सात मिनिटांवर. कर्नेल म्हणजे संगणकाच्या, इथल्या भाषेत यंत्राच्या, मुळाशी चालणारा प्रोग्रॅम. त्याच्या दस्तऐवजातला, म्हणजे माहितीपुस्तकातला, एकच भाग मला सुधारायचा आहे: सस्पेंड आणि हायबरनेट. प्रमुख बाईंनी चहा ढवळता ढवळता समजावलं. सस्पेंड म्हणजे खुर्चीतली डुलकी. हायबरनेट म्हणजे घरातल्या सगळ्या सामानाचं चित्र काढून ठेवायचं, दिवे घालवायचे, आणि परत आल्यावर चित्रात बघून घर जसंच्या तसं मांडायचं. त्या चित्राला इथे प्रतिमा म्हणतात. मधे किती वेळ गेला हे जागं झालेल्या यंत्राला कळत नाही.

जुना मजकूर वाईट नाही. शेवटचा परिच्छेद तेवढा अर्धवट आहे: ‘प्रतिमा लिहून झाल्यावर, जाग येण्याआधी, डिस्कला हात लावू नये, कारण’. पुढे काही नाही. डिस्क म्हणजे यंत्राचं कायमचं कोठार. कोणी लिहिलं विचारल्यावर बाई म्हणाल्या, मीच लिहिलं म्हणतात, मला काही आठवत नाही. यंत्रांची उघडझाक करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, ते म्हणाले, की बाईंचं विसरणं सोयीचं असतं, पगारवाढीचं विचारून बघा. बाईही हसल्या.

९ मार्च
इथला दंडक: करून पाहिल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही. चाचणीआधी स्थितीवहीत यंत्राची सगळी अवस्था टिपायची, खाली सही करायची. प्रतिमा एकच जपायची. दर चाचणीला यंत्र तिच्यावरूनच उठवायचं, म्हणजे तुलना करता येते. मला ही शिस्त आवडली. मुंगीचा वरचा दात हलतोय. जीभ सारखी तिथेच.

१० मार्च, ११ वाजून १० मिनिटं
यंत्राचं सगळं टिपून झालं. अर्धं पान उरलं, म्हणून गंमत म्हणून स्वतःचंही लिहिलं: अर्धा कप चहा प्यायलेली, तोंडात त्याची चव. उजव्या बुटाची नाडी सुटलेली. डावा खांदा आखडलेला. मुंगीच्या दाताची काळजी. ‘कारण’ या शब्दापुढे काय, हा विचार. सही केली. मिस्त्रींनी वाचून म्हटलं, की आता तुम्हालाही बंद करून ठेवतो. हायबरनेटचं बटण दाबते आहे.

१० मार्च — नाही. १२ मार्च
बटणावरून बोट उचललं, इतकंच. नाडी सुटलेली, तोंडात चहाची चव. पण कप धुऊन पालथा घातलेला होता आणि मिस्त्रींचा सदरा वेगळा. ते म्हणाले, दोन दिवस तुम्ही काय झपाट्याने काम केलंत. मी हसून वेळ मारून नेली. रोजनिशीत दोन दिवस कोरे आहेत.

मुंगीने काडेपेटी आणून दाखवली. काल दात पडला, तूच कापसात गुंडाळलास, म्हणाली. पेटीत दात आहे. तिला तोंड उघडायला लावलं. तोच दात तिथेही आहे. हलतोय.

मी या दोन दिवसांत तिला एक कविता शिकवली म्हणे. म्हणून दाखव म्हटलं. चौथ्या ओळीवर थांबली आणि तशीच उभी राहिली. ताटं मांडून होईपर्यंत.

१० मार्च — नाही. १६ मार्च
वरचं माझ्या अक्षरात आहे. मला १२ तारीख आठवत नाही. नाडी सुटलेली होती. चहाची चव.

मिस्त्रींना विचारलं. यंत्र १३ला बंद केलं, आज ११ वाजून १० मिनिटांनी त्या प्रतिमेवरून उठवलं. वाक्य पुरं होईपर्यंत असंच चालायचं, म्हणाले. उद्या बंद, परवा जाग.

मी त्या पानावरून उठते. मधे दुसरी कोणी घर चालवते. चांगलं चालवते. तिने मुंगीला शिकवलेलं, मुंगीचं वाढलेलं, त्यावर मी जुनं चित्र मांडते. ते ना जुनं राहतं ना नवं.

मुंगीला तिचं नाव लिहायला सांगितलं. पहिलं अक्षर काढलं. पुढचं विसरली. मग पहिलंही. मग मला विचारलं, की तू परत जुनी का आलीस.

बाईंकडे गेले. विचारलं, प्रतिमा नष्ट केली तर. त्या म्हणाल्या, मग यंत्र डिस्कवर जे असेल तेच खरं धरून सरळ चालू होतं, त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. मी निघाले तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, की माझा मुलगा आता अगदी ठणठणीत आहे. मी मुलाचं काही विचारलं नव्हतं.

हे ठळक लिहून ठेवते, कारण मला आठवणार नाही: यंत्राची प्रतिमा डिस्कवर आहे. माझी स्थितीवहीत आहे. पान फाडायला हवं. आज वही काढली. फाडवलं नाही. पान गेलं तर मी —

१० मार्च — नाही. १८
सगळं वाचलं. नाडी.

शाळेतून फोन. मुंगी वर्गाच्या दारात उभी. आतही येईना, बाहेरही जाईना. धावत गेले. उचलून कचेरीत आणली.

इथेच बसवली आहे, माझ्या खुर्चीत. हलत नाही. मुंगी, आणि हलत नाही. अर्धा श्वास घेते, थांबते. पुन्हा तोच अर्धा. डोळे माझ्याकडे, पण मला ओलांडून मागे. दुसरीला शोधतात.

मिस्त्री पाणी घेऊन आले, तिला बघून भिंतीला टेकले. बाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. पान उघडून.

अर्धा कप चहा. नाडी. खांदा. दाताची काळजी — ही काळजी माझी आहे, ती त्या दुसरीला असेल का, एवढं कोणी —

मुंगीचा हात धरला आहे. दुसऱ्या हाताने लिहिते. आता त्याच हाताने पान. मुंगी, कविता पुरी म्हण, मी ऐक

१९ मार्च
सकाळी मुंगीला शाळेत सोडलं. दात पेटीत आहे, तोंडात फट आहे. वाटेत तिने कविता शेवटपर्यंत म्हटली. मी बुटाची नाडी बांधायला वाकले तर बांधलेलीच होती. कचेरीत जाऊन अर्धवट वाक्य पुरं केलं; करून पाहिलेलं आहे, असं लिहून खाली सही केली. स्थितीवहीतलं एक पान फाटलेलं दिसलं. कोणी फाडलं, आठवत नाही.