मागे न घेता आलेली फिल्म

बिशान, सिंगापूर
१९ जून २०१६

प्रिय हेमचंद्र,

हाताने पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आम्ही तिघं बरे आहोत. क्षिप्राला इथल्या शाळेत नोकरी लागली, आणि चैत्राली आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इथल्या पोरांसारखं “ओके लाह, बाबा” एवढंच उत्तर देते. फोनवर बोलावं असं चारदा मनात आलं, पण तुझा आवाज ऐकला की मी सगळं हसण्यावारी नेणार, हे मला ठाऊक आहे.

चांगी बिझनेस पार्कमधल्या माझ्या नोकरीबद्दल तू नेहमी विचारतोस आणि मी “व्हिडिओ सिक्युरिटी” म्हणून विषय बदलतो. आईलाही तेच सांगितलंय. खरं काम असं, की लोकांच्या फिल्म नेटवर चोरून टाकल्या जातात, त्या आमचा प्रोग्रॅम शोधतो आणि मालकाच्या वतीने आम्ही त्या साइटला काढून टाकायची नोटीस पाठवतो. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे बुडापेस्टची एक छोटी कंपनी आली. ती प्रौढांच्या फिल्म काढायची. हो, तसल्याच. मला लाज वाटली होती. क्षिप्राला सांगायला सहा महिने लागले.

कंपनीची मालकीण मार्ता, साठीची बाई. दर मंगळवारी आमचा कॉल असायचा. सुरुवातीला मी नजर चुकवून बोलायचो, ती मात्र किराणा दुकानाबद्दल बोलावं तशी धंद्याबद्दल बोलायची. म्हणायची, “पूर्वी लोक मान खाली घालून दुकानात यायचे, पण विकत घेऊन जायचे. आता मान वर करून फुकट बघतात.” आम्ही एक प्रत काढली की दुसऱ्या दिवशी तीच फिल्म वेगळ्या नावाने दहा ठिकाणी. मग तिच्याकडचे कॅमेरावाले गेले. कलाकार बायकांना त्या फुकट्या साइटवाल्यांसाठीच काम करावं लागलं, कमी मोबदल्यात, आणि पूर्वी ज्याला नाही म्हणता यायचं त्यालाही हो म्हणून.

मार्ताचा एक नियम होता. काम सोडून गेलेल्या बाईने मागितलं, तर तिची फिल्म विक्रीतून काढून घ्यायची. अशीच एक बाई होती. नाव लिहीत नाही. तिशीत दोन फिल्म केल्या, मग ते सगळं सोडून फिजिओथेरपी शिकली आणि वृद्धाश्रमात कामाला लागली. मार्ताने शब्द पाळला, तिच्या सगळ्या डिस्क नष्ट केल्या. पण नेटवरच्या कशा करणार? त्या शोधून काढायचं काम तिने माझ्याकडे दिलं. तीन वर्षं मी तिच्या नोटिसा पाठवत होतो. एका फिल्मचा तुकडा इतक्यांदा तपासला, की मागच्या भिंतीवरचं हिरवं घड्याळसुद्धा मला पाठ झालंय.

मार्चमध्ये मार्ताची कंपनी बंद पडली. शेवटच्या कॉलवर ती एवढंच म्हणाली, “तिचं बघ.” आमचा मॅनेजर अनीश वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, “क्लायंटच नाही, तर नोटीस कोणाच्या नावाने पाठवणार?” मग त्या बाईचा मेल आला. आश्रमातल्या एका सहकाऱ्याने नेटवर फिल्म पाहून तिला ओळखलं होतं. आपण स्वतः साइटना विनंती केली तर चालेल का, असं तिने विचारलं होतं. चेहरा तिचा, पण फिल्मचे हक्क तिचे नव्हते. तरी मी अनीशला न सांगता तिच्या नावाने नऊ साइटना लिहिलं. दोन साइटवाल्यांनी हक्काचे कागद मागितले, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. अनीशला कळलं तेव्हा त्याने फक्त माझ्या इथे काम करायच्या पासची आठवण करून दिली; नोकरी गेली की महिन्याभरात हा देश सोडायचा. मी थांबलो. तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, “प्रयत्न केलात, आभारी आहे.” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता पत्राचं कारण. मागच्या रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसलो होतो, क्षिप्रा चहा आणायला गेली होती, आणि आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवर तू एक क्लिप टाकलीस. खाली लिहिलंस, “रविवारचा खुराक.” हेम्या, ती तीच आहे. आवाज बंद करून मी दोन सेकंद पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. चैत्राली समोर बसली होती. तुझ्यावर चिडायचा मला हक्क नाही, कारण थोड्या वेळाने फोन उचलून, सगळ्यांनी टाकले म्हणून, मीही एक हसरा चेहरा टाकला. तिला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस मी, आणि मी हसलो. ती क्लिप तुझ्या फोनमधून काढ, आणि ग्रुपवर सगळ्यांना काढायला सांग. माझं नाव घेऊन सांग, हवं तर हे पत्रच वाचून दाखव. आपण एक्केचाळीस जण आहोत, त्यातल्या किती जणांनी ती आतापर्यंत पुढे पाठवली असेल हे मला कळतं, तू समजावू नकोस. तरीही काढ.

तुझाच,
प्रबोध