तुझ्या आधी निघालेलं 'हो'

मेम्फिस, शनिवार

लूशस,

तुझी जुनी गाणी तू आता तरुण गायिकांबरोबर पुन्हा गातो आहेस, हे मला रेडिओवरून कळलं. आपल्या गाण्याला कोण, तर म्हणे चोवीस वर्षांची डेस्टिनी! 'आपल्या' म्हणते, कारण पन्नास वर्षांपूर्वी तुझ्या मागे उभी राहून तुझ्या ओळींना गाऊन उत्तर देणारी मी होते. रेकॉर्डवर नाव मात्र तुझं एकट्याचं.

पाद्र्यानं गायलेली ओळ पुरी झाल्याशिवाय आपण उत्तर गायचं नाही, हे चर्चमध्ये आईनं मला चिमटे काढून शिकवलं होतं. तरी त्या दिवशी स्टुडिओत तू "राहशील का?" पुरतं गायच्या आत माझं 'हो' निघून गेलं. तू हसलास. "व्हर्लीन, बस सुटतेय का तुझी?" पण ती चूक तशीच ठेवलीस, आणि लोक तिच्यावरच भाळले. दोन महिन्यांनी तू लग्न केलंस, दुसरीशी.

रेडिओवर तुकडा ऐकवला, डेस्टिनीचा आवाज चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला, मेलीचा! पण ती शहाण्या मुलीसारखी तुझं संपेपर्यंत थांबते, आणि गाणं पडतं.

म्हणून काल तुझा फोन आला. मी ठरवलं होतं, चांगलं झुलवायचं, गुडघ्यांचं निमित्त सांगायचं. तू म्हणालास, "व्हर्लीन, त्या पोरीला ते 'हो' शिकवायला येशी..."

तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'हो' म्हणून बसले होते.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. सोमवारी येते.

तुझ्या मागे उभी असलेली,
व्हर्लीन