कप्तानाच्या खोगिरात

बाल्तासार,

तू झाडपाला आणि रोगी सोडून स्पेनच्या राजाविरुद्ध लढायला डोंगरात गेलास, आणि तुला धरायला निघालेला कप्तान तापाने फणफणून पोपायानला तुझ्यामाझ्याच घरात येऊन पडला. रानोमाळ हिंडून तू जमवलेली ताप उतरवणारी सिंकोनाची साल त्याने मागितली. "बरा झालो की तुमच्या भावालाच धरायला जाणार, बाई. खोटं कशाला बोलू?"

स्वयंपाकीण तोमासा चूल सोडून आली. "देऊ नका. ताप आपलंच काम करतोय."

तूच म्हणायचास, ताप चढलेल्या माणसाला राजा नसतो. बंदूक उचललीस तेव्हाही तूच म्हणालास, "ताई, त्यांच्या माणसांना चिमूटभरसुद्धा द्यायची नाही." दोन्ही वेळा तू मनापासूनच बोलत होतास. मग मी कुठल्या भावाचं ऐकायचं?

शेवटी उकळून दिली. आज तो घोड्यावर बसला. तोमासा माझ्याशी बोलत नाही.

पण पावसात तुझाही ताप उलटतो, आणि साल तू इथेच विसरलास. उरलेली सगळी मी कप्तानाच्या खोगिराच्या पिशवीत घातली. म्हटलं, "सापडला तर आधी ही पाजा."

"पाजतो," तो म्हणाला. "मला पाजलीत ना."

तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र इथेच राहील. तुला शोधून काढेल असा माझ्या ओळखीचा तो एकटाच. मेणबत्ती लावली आहे. त्याला तू सापडावास म्हणून, की सापडू नयेस म्हणून, ते काही ठरत नाही.

तुझी ताई,
मिकाएला