पहिल्या यादीतलं नाव

धावडा, सोमवार

प्रिय आबा,

पहिला कागद तुमच्या नातवानं, प्रेमनं, पेन ओढून खराब केला, म्हणून हा दुसरा घेतला आहे. आता तो झोपलाय. तो उठायच्या आत सगळं लिहून होईल असं वाटत नाही, पण सुरुवात तरी करते. फोनवर तुम्ही "बरं आहे ना? घे, आईशी बोल" म्हणता आणि फोन आईकडे देता. मी काही महत्त्वाचं बोलणार असं दिसलं की तर लगेच देता. पत्र तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल.

इकडे महिनाभर तृप्तीच्या ॲडमिशनचं चाललंय. माझी ही नणंद यंदा बारावी सायन्स झाली. तिला डी. फार्मसी करायची आहे, पुढं मेडिकल टाकायचं आहे. फार्मसीच्या डिप्लोम्याला दुसरी परीक्षा नसते, बारावीच्या मार्कांवरच नंबर लागतो, आणि तिचे मार्क पन्नास टक्क्यांच्या आत आहेत. पोरगी ढ नाही, आबा. त्यांच्या कॉलेजात वर्षभर केमिस्ट्रीला सर नव्हते. गाइड आणि मोबाइल घेऊन ती एकटी बसायची. कधी मी भाकरी थापता थापता तिला समीकरणं सांगायचे. निकाल लागला तेव्हा मामंजींनी तिला विचारलं, "एवढेच?"

फॉर्म भरायला तिच्यासोबत मीच भोकरदनला गेले. घरात ऑनलाइनचं मला कळतं असं सगळे समजतात, म्हणून. सेंटरवर तुडुंब गर्दी. तिथल्या मुलानं तिची मार्कशीट पाहिली आणि म्हणाला, ह्या मार्कांवर सरकारीचा विचारच सोडा, खाजगी बघा. मागच्या वर्षी शेवटचा नंबर कितीवर लागला ते त्यानं स्क्रीनवर दाखवलं. तृप्तीनं तो आकडा वाचला. मग हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला किती होते?"

मी सांगितले. चौऱ्याऐंशी.

तो मुलगा मागं वळला. एवढ्या मार्कांवर पहिल्याच यादीत नाव लागलं असतं, म्हणाला. मी म्हटलं, त्याला चार वर्षं झाली. तर म्हणतो, "मार्कशीटला एक्सपायरी नसते, ताई. गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा न् भरा." मागच्या रांगेतली माणसं हसली. मलाही हसू आलं, आबा, पण घरी येईपर्यंत ते हसू कुठच्या कुठं गेलं.

कारण तेव्हा जालन्याच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलंच होतं. ते तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही तुमच्या कामावर, शेती फार्मवरच्या सगळ्या साहेबांना पेढे वाटले होते. यादी लागली तेव्हा मात्र म्हणालात, रोज रेल्वेनं पोरगी एकटी जालन्याला जाणार, परत यायला अंधार पडणार, पुढच्या वर्षी बघू. तुमच्या लेकाला, पप्पूला, माझ्यापेक्षा किती कमी मार्क होते, तरी त्याला संभाजीनगरला रूम करून दिलीत. त्यानं ते शिक्षण मधेच सोडलं, त्याचा मला राग नाही. पण त्याच्या मार्कांचं काय करायचं याची घरात चर्चा झाली होती. माझ्या मार्कांचं काय झालं? ते लग्नाच्या बायोडाट्यात गेले. "मार्क चांगले आहेत, स्थळ पण चांगलं येईल," हे तुमचे शब्द. स्थळ चांगलंच आलं. मी हो म्हटलं, कारण तुम्ही म्हणाला होतात की सासरच्यांनी शिकवलं तर तुमची ना नाही.

गेल्या बुधवारी यादी लागली. तृप्तीनं मोबाइलवर आधी स्वतःचं नाव शोधलं. नव्हतं. मग माझा नंबर टाकला. होतं. जालना, सरकारी, पहिली फेरी. तिनं मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि आत निघून गेली.

हो, मीही फॉर्म भरला होता. सेंटरवर त्याच दिवशी, तृप्तीनंच हट्ट धरला म्हणून. यांना सांगून भरला होता. पिकअपमध्ये मिरच्यांची पोती चढवता चढवता हे "भर की" म्हणाले होते. लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून कुणी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. आत्याबाई किती तरी वेळ चुलीपुढं बसून होत्या. मग म्हणाल्या, "लेकीचा न्हाई लागला अन् सुनेचा लागला. हे कोणाला सांगावं मी?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी आई असती तर तीही हेच म्हणाली असती. मामंजींनी दोन दिवसांत तृप्तीसाठी खाजगी कॉलेज शोधलं, तिला तिथं पाठवणार आहेत, आणि ते बराबरच आहे. पण माझा विषय निघाला की म्हणतात, सून शिकून कोणाच्या दुकानात बसणार? लेक शिकून कोणाच्या दुकानात बसणार, हे कुणी विचारत नाही.

तृप्ती माझ्याशी बोलणं टाकून बसली होती. मला ते सगळ्यात जास्त लागलं. तिची जागा मी घेतली असं तर नाही ना, असं मीच मला विचारत होते. शनिवारी दुपारी मी गोठ्यात शेण काढत होते. ती आली आणि दाराशी उभी राहिली. "वहिनी, मी तुमच्यावर चिडले न्हाई," म्हणाली, "मी मार्कांवर चिडले. तुम्ही न्हाई गेल्यात तर ते माझे थोडेच वाढणार हायेत?" मग माझा शेणाचा हात तसाच धरून मला घरात नेलं, मोबाइल काढला आणि माझी जागा निश्चित करून टाकली. पैसे तिच्या खात्यातून गेले. मी परत देईन म्हटलं तर रागावली.

आता फक्त कॉलेजात कागद घेऊन हजर व्हायचं राहिलंय. शुक्रवारपर्यंत.

आणि इथंच सगळं अडलंय, आबा. धावड्याहून रोज जालना करणं होत नाही. प्रेमला सोडून हॉस्टेलवर राहणंही माझ्यानं होणार नाही, तो अजून अडीच वर्षांचा नाही. मी यांना विचारलं. यांनी आधी गाडी पुसून घेतली. मग म्हणाले, "तुझे वडील हो म्हणले, तर मी न्हाई म्हणत न्हाई." ऐकून मला हसावं की डोकं भिंतीवर आपटावं हेच कळेना. लग्नाआधी तुम्ही म्हणालात, सासरचे शिकवतील तर शिक. सासरचे म्हणतात, माहेरचे हो म्हणतील तर शिक. कुणीच नाही म्हणत नाही, आबा. कुणी हो पण म्हणत नाही. मार्क मी मिळवले होते, कुणाकडून उसने आणले नव्हते. पण त्यांचं काय करायचं ते विचारायला मी एका दारातून दुसऱ्या दारात फिरून राह्यले.

म्हणून हे पत्र. मला आणि प्रेमला दोन वर्षं तुमच्या घरी राहायचं आहे. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं मी जालन्याला जाईन, संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. मी कॉलेजात असताना आई प्रेमला बघेल. तिला मी अजून विचारलं नाही, पण तिचं उत्तर मला माहीत आहे. माहेरी येऊन बसली, नवऱ्यानं टाकली की काय, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. हे दर रविवारी येऊन जातील, लोकांना दिसेल. हे पत्र उद्या तेच तुमच्या हातात देतील, जालन्याला माल घेऊन चाललेत. त्यांना काही उत्तर देऊ नका, ते विचारणारही नाहीत. गुरुवारी दुपारच्या एसटीनं मी प्रेमला आणि दोन पिशव्या घेऊन बदनापूरच्या स्टँडवर उतरणार आहे. हो म्हणायचं असेल तर न्यायला या. नाही म्हणायचं असेल तरी या, आणि या वेळी ते माझ्या तोंडावर म्हणा.

तुमचीच,
रेणुका